गेरू, कॅसेट आणि लुई नेएल

माझ्या बहिणीची मुलगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली तेव्हा नाशिक रोडच्या आमच्या घरात पेढे वाटले गेले. सहा-सात महिन्यांनी तिला पीएच.डी.ची जागा मिळाली. त्या वेळी मात्र कुणी पेढे आणले नाहीत. तिच्या अब्बूंनी, म्हणजे माझ्या दुल्हाभाईंनी, मला जेल रोडच्या घरी बोलावून घेतलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं आणि शेजारी एका चांगल्या घरातून आलेल्या मुलाचा बायोडाटा. पत्रात संशोधनाचा विषय लिहिला होता. प्रतिलोहचुंबकीय ऑक्साईडच्या अतिशय पातळ फिल्म आणि त्यांचं चुंबकीय वर्तन.

दुल्हाभाई वाईट माणूस नाहीत. मुलीला शिकवायला त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘‘पाच वर्षं घालवायची. पण इसका फायदा क्या है?’’ भाचीने माझ्याकडे पाहिलं. ‘‘मामू, तुम्हीच सांगा अब्बूंना. तुम्ही तर इतिहास लिहिता.’’

मी दख्खनच्या जुन्या दफ्तरांवर लिहिणारा माणूस. फिजिक्स बारावीत सुटलं ते सुटलंच. पण एखाद्या गोष्टीचा इतिहास शोधायला ती गोष्ट आधी येत असावी लागते असं नाही, हा माझा जुना समज आहे. मी दुल्हाभाईंकडून पंधरा दिवस मागून घेतले. भाचीने मला वाचायला दिलं, समजावलं, दोन-तीनदा चिडलीही. त्या पंधरा दिवसांत आणि नंतरही जे हाती लागलं, ते इथं मांडतो आहे.

सुरुवात वालदेवीच्या वाळूपासून करतो. नाशिक रोड, देवळालीच्या बाजूला वाढलेल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाने हा खेळ केलेला असेल. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक दोऱ्याला बांधायचं आणि नदीच्या वाळूतून ओढायचं. चुंबकाला काळ्या बारीक कणांची दाढी फुटते. आपल्या काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाईटच्या जातीचे लोहकण असतात. पाषाण झिजतो आणि ते वाळूत उतरतात. मग आम्ही तेच चुंबक गेरूच्या ढेकळाला लावून पाहायचो, काही चिकटायचं नाही. खिडकीच्या जाळीला रंगाआधी फासतात त्या रेड ऑक्साईडच्या भुकटीचंही तेच. मास्तरांना विचारलं, तर गेरू ही माती आहे म्हणून चिकटत नाही, असं उत्तर मिळालं. पण गेरूचा लाल रंग ज्या हेमाटाईटमुळे येतो, त्याच्या वजनाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग निव्वळ लोखंड आहे. इतकं लोखंड असून चुंबक त्याला ओळख का देत नाही?

हा प्रश्न पोरकट नाही. या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी तोच आहे.

चुंबकाची आपल्याला असलेली ओळख सुईपुरती आहे. आमच्या दादांकडे पितळी डबीतला किबलानुमा होता. सुई उत्तर दाखवणार, त्यावरून आपण पश्चिम काढायची आणि नाशिकहून थोडं उत्तरेकडे सरकायचं. या उपकरणाचा इतिहास आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. बैलक अल-किबजाकी याने १२४२ साली भूमध्य समुद्रातल्या प्रवासात खलाशांना पाण्यावर तरंगत्या सुईने दिशा काढताना पाहिलं आणि पुढे १२८२ साली ते लिहून ठेवलं. त्याच शतकाच्या अखेरीस येमेनच्या रसूली घराण्यातला अल-अशरफ उमर, जो पुढे सुलतान झाला, त्याने होकायंत्र कसं करावं आणि त्यावरून किबला कसा काढावा हे सविस्तर लिहिलं. राजघराण्यातला माणूस हाताने उपकरणं बनवायचा आणि त्यावर लिहायचा. आज असा कुणी राज्यकर्ता दाखवता येईल का, असो.

पण सुई एकच प्रश्न विचारते, तू मला खेचतोस की नाही? जो पदार्थ खेचत नाही तो सुईच्या लेखी मुका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शास्त्रज्ञांचंही तेच चाललं होतं. पिएर वाइस यांनी १९०७ साली लोखंडासारख्या पदार्थांचा हिशेब मांडला. प्रत्येक अणू एक छोटी सुई आहे आणि शेजारच्या सुया एकमेकींना आपल्याच दिशेला वळवतात, असं त्यांनी धरलं. सगळ्या एका दिशेला वळल्या की चुंबक तयार होतं. तापवलं की धांदल उडते, दिशा मोडते आणि चुंबकत्व जातं.

वाइस यांचा स्ट्रासबूर्गमधला विद्यार्थी लुई नेएल. जन्म १९०४, गाव लियाँ. त्याने गुरूच्याच हिशेबात एक चिन्ह उलटं केलं. शेजारी एकमेकांना आपल्या दिशेला न वळवता विरुद्ध दिशेला वळवत असतील तर? १९३२ सालच्या लेखात ही कल्पना आली आणि १९३६ पर्यंत तिला नीट आकार मिळाला. एक सुई वर, शेजारची खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आत कडक शिस्त आणि बाहेर बेरीज शून्य. शाळेच्या कवायतीत एक रांग पूर्वेला तोंड करून आणि पुढची पश्चिमेला तोंड करून उभी केली, तर मैदानाबाहेरच्या माणसाला ती मुलं कुठे निघाली आहेत ते कळणार नाही. पण ती विस्कळीत उभी आहेत असंही म्हणता येणार नाही. नेएलने असंही सांगितलं की ही शिस्त एका ठराविक तापमानाला मोडते. त्या तापमानाला आता त्याचं नाव आहे. सोव्हिएत रशियात लेव्ह लांडाऊ यांनीही १९३३ साली स्वतंत्रपणे असाच विचार केला होता. मराठीत याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण अर्थाला पक्का आहे.

हे पाहणार कसं? बेरीज शून्य आहे म्हटल्यावर मोजायचं काय? १९३८ साली बिझेत, स्क्वायर आणि त्साई या तिघांनी मँगनीज ऑक्साईडवर आडवळणाचा पुरावा मिळवला. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की हा पदार्थ किती प्रतिसाद देतो, हे त्यांनी थंड करत करत मोजलं. नेहमीचा पदार्थ थंडीत जास्त जास्त प्रतिसाद देत जातो. हा ११६ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे १५७ अंशांच्या आसपासपर्यंत, तसाच वागला आणि मग उलटा फिरला. आत काहीतरी जागच्या जागी अडकलं होतं. तरीही तो अंदाजच होता.

मधे युद्ध आलं. स्ट्रासबूर्ग सोडून नेएल ग्रनोबलला गेला. त्याआधी त्याने फ्रेंच नौदलासाठी जहाजं चुंबकीय सुरुंगांपासून वाचवण्याचं काम केलं होतं. पोलादी जहाजात मुरलेलं चुंबकत्व उलट्या चुंबकत्वाने मारायचं, म्हणजे समुद्रातल्या सुरुंगाला ते जाणवणार नाही. बेरीज शून्य करण्याची विद्या कागदावरून थेट बंदरात उतरली. दुल्हाभाईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

खरा साक्षीपुरावा युद्धानंतर मिळाला, आणि तो बॉम्बसाठी बांधलेल्या यंत्रातून मिळाला. अमेरिकेत ओक रिज इथली अणुभट्टी १९४३ साली मॅनहॅटन प्रकल्पासाठी उभी राहिली होती. युद्ध संपल्यावर तिथे न्यूट्रॉनचा झोत मोकळा होता. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. स्फटिकात शिरला की अणूच्या केंद्रावरून तर तो विखुरतोच, पण अणूच्या चुंबकत्वाचीही त्याला चाहूल लागते. क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी १९४९ साली मँगनीज ऑक्साईडवर झोत सोडला. खोलीच्या तापमानाला जो नकाशा आला तो रसायनशास्त्राला ठाऊक होता. ८० केल्व्हिनपर्यंत थंड केल्यावर नकाशात नवी शिखरं उगवली. अणू जागचे हलले नव्हते. पण चुंबकीय नक्षी पुन्हा तशीच येण्यासाठी आता दुप्पट अंतर जावं लागत होतं, कारण लगतचा थर उलटा होता, सारखा थर त्याच्या पलीकडचा. सतरा वर्षांपूर्वी कागदावर बदललेलं एक चिन्ह फोटोच्या पट्टीवर आलं म्हणा ना. शल यांना याबद्दल नोबेल मिळायला १९९४ उजाडलं.

नेएलला ते १९७० साली मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्याने स्वतःच सांगून टाकलं की हे पदार्थ सिद्धांताच्या दृष्टीने अतिशय रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग होईल असं दिसत नाही. हे वाचून मी भाचीला फोन केला. म्हटलं, तुझ्या अब्बूंचा प्रश्न तुझ्या विषयाच्या बापानेच विचारून ठेवला आहे, आणि उत्तर त्यांच्या बाजूने दिलं आहे. ती हसली. ‘‘मामू, पुढचं वाचा.’’

पुढचं वाचण्याआधी गेरूचा हिशेब पुरा करतो. हेमाटाईटमधले लोहाचे अणू असेच वर-खाली, वर-खाली मांडलेले असतात. नेमके समोरासमोर नसून एका बाजूला जरासे कललेले असतात, म्हणून त्याला नाममात्र चुंबकत्व असतं. हे कलणं का होतं ते रशियातल्या झ्यालोशिन्स्की यांनी १९५७-५८च्या सुमारास सांगितलं. पण स्पीकरच्या चुंबकाला ते कळणार नाही. आता गंमत पाहा. हेमाटाईटचं रासायनिक सूत्र आणि जुन्या कॅसेटच्या तपकिरी फितीवरच्या लेपाचं सूत्र एकच आहे. दोन अणू लोहाचे, तीन ऑक्सिजनचे. फक्त मांडणी वेगळी. फितीवरच्या मॅघेमाईटमध्येही शेजारी एकमेकांच्या विरुद्धच उभे असतात, पण एका बाजूचे संख्येने जास्त असतात, म्हणून बेरीज उरते. हा हिशेबही नेएलचाच, १९४८ सालचा. त्या उरलेल्या बेरजेवर आवाज नोंदवता येतो. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ साली जर्मनीत कागदी पट्टीवर लोहाची भुकटी चिकटवून हे सुरू केलं. फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ साली आली. नाशिक रोडच्या बाजारात कव्वालीच्या आणि तकरीरीच्या कॅसेटींचे ढीग लागायचे ते दिवस आठवणारे वाचक अजून आहेत.

आमच्या घरात अशी एक कॅसेट आहे. आमचे अब्बा प्रेसमध्ये नोकरीला होते. नाशिक रोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांची प्रेस, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. रिटायर झाल्यावर एका ईदच्या दुपारी माझ्या धाकट्या भावाने टेपरेकॉर्डर लावला आणि अब्बा दकनीत त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत बसले. पाऊण तास. मधे आईचा भांडी घासण्याचा आवाज आहे. अब्बा गेले, मग ती कॅसेट आम्ही दरवर्षी लावायचो, आणि दरवर्षी आवाज थोडा आणखी मागे सरकायचा. शेवटी २०११ मध्ये एका दुकानातून ती कंप्युटरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. ही गोष्ट इथे का सांगतो, ते थोड्या वेळाने येईल.

आता आपल्याकडे वळू. या शास्त्रात महाराष्ट्र कुठे होता? दोन ठिकाणी तरी होता, आणि दोन्ही ठिकाणांची आठवण आपण ठेवलेली नाही.

पहिलं ठिकाण आपल्या पायाखालचा पाषाण. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या गटाने १९५६ साली दख्खनच्या बेसॉल्टची ही दिशा मोजून दाखवली. पाषाण म्हणत होता की मी तयार झालो तेव्हा दक्षिण गोलार्धात होतो. भारत सरकत वर आला, याचा तो सुरुवातीचा ठोस पुरावा. त्यातले डॉइच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांच्याबरोबर काम करू लागले. त्या तिघांचा दख्खनच्या लाव्हांवरचा लेख १९५८ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आला. बऱ्याच थरांत चुंबकत्वाची दिशा आजच्या नेमकी उलट होती. पृथ्वीचं क्षेत्रच तेव्हा उलटं होतं, की पाषाण आतल्या आत उलटला? दुसरी शक्यता हवेतली नव्हती. एकमेकांना विरुद्ध वळवणारे ऑक्साईड एकाच दगडात असले, तर थंड होताना तो स्वतःहून उलटू शकतो, असं १९५१ साली पुन्हा नेएलनेच दाखवलं होतं. जपानमध्ये हारुनाच्या ज्वालामुखीच्या दगडात तसं घडताना सापडलंही होतं. म्हणून दगडातले कण कसे वागतात हे एकेक करून तपासणं भाग होतं. सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि एस. डी. लिखिते यांनी त्यासाठी स्वतःचं यंत्र बांधलं आणि १९६५ साली त्याची माहिती परदेशी नियतकालिकात छापली. शेवटी निकाल पृथ्वीच्या बाजूने लागला. सर्वसाधारणपणे क्षेत्रच उलटत होतं, स्वतःहून उलटणारे दगड क्वचित.

दुसरं ठिकाण तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे. अप्सरा भट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, सायरस १९६० मध्ये. ओक रिजला जे शल यांनी केलं होतं, तेच न्यूट्रॉनचं तंत्र इथे पी. के. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलं. १९६९ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये झिंक-निकेल फेराईटवरचा त्यांचा लेख आला. विरुद्ध वळवणाऱ्या शेजाऱ्यांच्या ओढाताणीत काही सुया वरही राहात नाहीत आणि खालीही नाही, तिरप्या होतात, तो कोन त्यांनी मोजला. याफेत आणि किटेल यांनी तो आधी कागदावर सांगितला होता. लेखावर पाच नावं आहेत. सत्य मूर्ती, नतेरा, युसूफ, बेगम, श्रीवास्तव. भाचीने आर. जे. बेगम या नावावर बोट ठेवलं आणि पान अब्बूंकडे सरकवलं. बोलली काहीच नाही. दुल्हाभाईंनी चष्मा लावून ते नाव वाचलं, मग वरची तारीख वाचली.

आता पातळ फिल्मकडे येतो, कारण भाचीचा विषय तो आहे.

नेएलचा विचार मोठ्या स्फटिकाचा होता. अणूला चारी बाजूंनी शेजारी आहेत, वर-खालीही आहेत. निकेल ऑक्साईड घ्या. त्यात एका निकेलचा दुसऱ्या निकेलवरचा जोर थेट पडत नाही. मधल्या ऑक्सिजनच्या मध्यस्थीने, सरळ रेषेत, सहा बाजूंनी पडतो. हा मध्यस्थीचा विचार क्रामर्स यांनी १९३४ साली मांडला आणि अँडरसन यांनी १९५० साली पुढे नेला. जाड तुकड्यात ही शिस्त २५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पण फिल्म पातळ करत गेलं की पृष्ठभागावरच्या निकेलचा वरचा शेजारी जातो. सहाचे पाच. एकच थर उरला तर वरचाही नाही आणि खालचाही नाही. शिस्त धरून ठेवणारे हात कमी झाले की ती लवकर मोडते. १९९८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने हे निकेल ऑक्साईडवर मोजलं. अणूंचे वीस थर असलेल्या फिल्ममध्येही शिस्त मोडण्याचं तापमान जाड तुकड्यापेक्षा खाली आलं होतं आणि पाच थरांच्या फिल्ममध्ये ते खोलीच्या तापमानाच्या आसपास येऊन ठेपलं. पाच थर म्हणजे सुमारे एक नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे लाखभर थर बसतील, एवढं म्हटलं तरी कमीच आहे.

कोबाल्ट ऑक्साईडचं तर आणखी मजेदार. जाड तुकड्यात त्याची शिस्त साधारण १८ अंश सेल्सिअसला मोडते. म्हणजे जानेवारीतल्या नाशिकच्या पहाटे तो प्रतिलोहचुंबक असतो आणि दुपारी दोन वाजता नसतो. आणि कोबाल्ट आपल्याला अनोळखी नाही. बिदरला महमूद गवानच्या मदरशाच्या भिंतीवर उरलेल्या फरशांचा निळा रंग कोबाल्टचा. इराणात काशानजवळच्या कमसर गावातून हा खनिज रंग यायचा, असं अबुल कासिम काशानीने १३०१ साली लिहून ठेवलं आहे. अर्थात काचेच्या झिलईत विरघळलेल्या कोबाल्टला ही वर-खालीची शिस्त लागू नाही. तिथे अणू एकमेकांपासून फार लांब पडतात. पण नाव निघालं की मला बिदर आठवणारच.

याच कोबाल्टने ‘फायदा क्या’चं उत्तर दिलं, तेही नेएलच्या नोबेलच्या चौदा वर्षं आधी. अमेरिकेत स्कनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत माइकलजॉन आणि बीन कोबाल्टच्या अतिबारीक कणांवर काम करत होते. कणांवर हवेने ऑक्साईडचं कवच चढलं होतं. लोखंडी वस्तूवर गंज चढतो तसं, पण अतिशय पातळ. बाहेरचं क्षेत्र लावून हे कण त्यांनी थंड केले. साधं चुंबक डावीकडे वळवायला जितका जोर लागतो तितकाच उजवीकडे लागतो. या कणांना एका बाजूला वळायला फार जोर लागत होता आणि दुसऱ्या बाजूला कमी. कवचातल्या ऑक्साईडने आतल्या कोबाल्टला एका दिशेने दाव्याला बांधून टाकलं होतं. स्वतः बाहेरून न दिसणारं, कुणाला न खेचणारं कवच शेजाऱ्याला मात्र हलू देत नाही. १९५६ साली त्यांनी हे छापलं. पुढे तीस-पस्तीस वर्षं ती एक अभ्यासातली नवलाई राहिली.

१९८८ साली फ्रान्समध्ये अल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबेर्ग यांच्या गटांनी वेगळाच शोध लावला. चुंबकीय धातूंचे पातळ थर एकमेकांवर रचले, तर त्यांच्या दिशा सारख्या की उलट यावरून विजेचा अडथळा बराच बदलतो. त्यांना २००७ चं नोबेल मिळालं. आयबीएममधल्या लोकांनी १९९१ मध्ये यातून एक साधी रचना केली. दोन चुंबकीय थर. एक मोकळा, कुठलंही बारीक क्षेत्र लागलं की वळणारा. दुसरा खुंटीला बांधलेला, न वळणारा. खुंटी कशाची? शेजारी चढवलेल्या प्रतिलोहचुंबकाच्या पातळ थराची. माइकलजॉन आणि बीन यांचा तो दावा. सुरुवातीच्या रचनांमध्ये काही ठिकाणी निकेल ऑक्साईडच वापरलं गेलं. पण पातळ थरात त्याची पकड जाड तुकड्याच्या २५० अंशांच्या बरीच आधी, २०० अंशांच्या आसपासच सुटते, म्हणून पुढे मँगनीजच्या मिश्रधातूंनी त्याची जागा घेतली. १९९७ च्या अखेरीपासून आयबीएमच्या हार्ड डिस्कमध्ये असं वाचणारं हेड बसू लागलं आणि मग सगळ्यांच्याच.

म्हणजे २०११ मध्ये अब्बांचा आवाज दुकानातून ज्या डिस्कवर आला, ती वाचणाऱ्या टोकावर काही नॅनोमीटर जाडीचा एक प्रतिलोहचुंबक होता. आजही लॅपटॉपला ती जुनी डिस्क जोडून आम्ही ईदला तो पाऊण तास ऐकतो, तेव्हा तो थर तिथे असतो. मी दुल्हाभाईंना हे सांगितलं. ते अब्बांचे जावई, अब्बांचा त्यांच्यावर जीव होता. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘पण हे तर झालं की. आता हिला काय शोधायचं आहे?’’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर भाचीने दिलं, मी नाही.

तिचं म्हणणं असं. आतापर्यंत हा थर खुंटी म्हणून वापरला. त्यावर लिहिता आलं तर? चुंबकावर लिहिलेली माहिती दुसरं चुंबक जवळ आणलं की पुसते. प्रतिलोहचुंबकाला बाहेरचं चुंबक जवळजवळ दिसतच नाही, आणि शेजारच्या खुणेला त्याचा त्रासही होत नाही. २०१६ मध्ये तांबं, मँगनीज आणि आर्सेनिक यांच्या एका संयुगावर विजेच्या झटक्याने असं लिहून दाखवलं गेलं. ऑक्साईडवरही तसे दावे आले, मग वाद झाला. २०१९ साली हेमाटाईटवरच्या एका प्रयोगात दिसलं की लिहिल्याची जी खूण मानली जात होती ती प्लॅटिनमच्या तारेच्या तापण्यातूनही येऊ शकते. दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने हेमाटाईटच्याच स्फटिकातून चुंबकीय संदेश बरंच लांब, कित्येक मायक्रोमीटर, नेऊन दाखवला होता. आपला गेरू बरं का! म्हणून फिल्म किती पातळ केली की शिस्त टिकते, कुठे मोडते, खालच्या पायाचा परिणाम किती, थर सम आहेत की विषम, हे चोख मोजणारी माणसं हवी आहेत. स्फटिकाच्या काही काप अशा असतात की एक पूर्ण थर वर आणि पुढचा पूर्ण थर खाली असतो. तिथे दहा थरांत बेरीज शून्य, अकरा थरांत एक उरतो. निसर्गातल्या काही दगडांत हेमाटाईट आणि इल्मेनाईटचे असे अतिपातळ थर एकाआड एक असतात आणि अशा सीमांवरच्या न फिटलेल्या बेरजेमुळे ते दगड अपेक्षेपेक्षा जास्त चुंबकीय निघतात, असं २००२ साली ‘नेचर’मध्ये आलं होतं. हे वाचून मला सहस्रबुद्धे-लिखिते आठवले.

आणि मोजायचं कसं? न्यूट्रॉन इतक्या पातळ थरात फारसे अडकत नाहीत, जाड तुकड्यासारखी शिखरं मिळणं कठीण. तुर्भ्याच्या ध्रुव भट्टीवर पातळ थरांवरून न्यूट्रॉन परावर्तित करून पाहण्याची सोय आहे, ती काही कामांना उपयोगी पडते. मुख्य साधन क्ष-किरणांचं. एका ठराविक पातळीत कंप पावणारे मृदू क्ष-किरण फिल्मवर सोडले, की सुया ज्या रेषेत उभ्या आहेत तिच्या हिशेबाने ते कमी-जास्त शोषले जातात. यात उत्तर कुठलं, दक्षिण कुठली हे कळत नाही. रेषा तेवढी कळते. किबलानुम्याच्या सुईचं हे बरोबर उलटं झालं. असे किरण आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मिळतात. वेळ मागावी लागते, ती मिळाली की दिवसरात्र जागून मोजून घ्यायचं.

‘‘रात्रीची?’’ दुल्हाभाईंनी विचारलं. सगळ्या इतिहासात त्यांना अडलेली जागा ही होती. ‘‘रात्रीची,’’ भाची म्हणाली. ‘‘गेस्ट हाऊस आहे, सोबत दोन मुली असतात.’’ आपांनी आतून चहा आणला. बायोडाट्याच्या घरी काय कळवायचं हे त्या दिवशी ठरलं नाही. आठवडाभराने ठरलं. मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं, आणि दुल्हाभाईंनी त्यांना थांबा म्हटलं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ती घरी आली तेव्हा एका प्लास्टिकच्या डबीत फिल्मचा नमुना घेऊन आली, काम संपलेला, निरुपयोगी. मॅग्नेशियम ऑक्साईडचा पाच मिलिमीटरचा पारदर्शक चौकोन. वर निकेल ऑक्साईडचे थर आहेत म्हणायचे, डोळ्याला काहीच दिसत नाही. दुल्हाभाईंनी कपाटातून दादांचा किबलानुमा काढला. आपांच्या वाट्याला तो आला होता. डबी सुईजवळ नेली, या बाजूने, त्या बाजूने. सुई हलली नाही. त्यांनी डबी परत दिली आणि जपून ठेव म्हणाले.

फेब्रुवारीत तिला इंदूरला पाच दिवस मिळाले. धुळ्यावरून जाणाऱ्या रात्रीच्या बसला दुल्हाभाई स्वतः सोडायला गेले. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. सात थरांच्या फिल्मचं तापमान तिच्या हिशेबापेक्षा बरंच खाली आलं आहे. फिल्म बिघडली असेल, नाहीतर थर मोजण्यात चूक असेल, नाहीतर खरंच तसं असेल. नवी फिल्म चढवून पुन्हा मोजायचं आहे, पुढची वेळ कधी मिळेल ते कळवतील.